चुलीवरचं साणं

वैशाख लागला की मला दिनदर्शिका बघावी लागत नाही. घरात कुठेतरी कुरडयांसाठी गहू भिजत पडलेले असतात, त्यांचा आंबूस वास ओसरीपर्यंत येतो, आणि तोंडाला पाणी सुटायच्या आत मला हसू फुटतं. सूनबाईला वाटतं, म्हातारीचं काहीतरी बिनसलं. तिचं स्वयंपाकघर लख्ख आहे. दोन खिडक्या, भिंतींना पिवळा रंग, वर विजेचा दिवा. एवढं असून परवा ती म्हणाली, "आई, इथं जरा अंधारच वाटतो, नाही?"

अंधार! मी लग्न होऊन सासरी गेले तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात भर दुपारी स्वतःचा हात स्वतःला दिसत नसे.

निजामाचं राज्य होतं. सरकारी शिपाई उर्दूत दरडावायचे आणि आमची माणसं मराठीत घाबरायची. माझं माहेर लिंबागणेशचं. तिथे आईची चूल अंगणातल्या छपराखाली होती. भाकरी थापता थापता आभाळ दिसायचं, वाटेनं कोण चाललंय ते दिसायचं, त्याला हाक मारता यायची. आमच्याकडे भाकरी करपायची ती गप्पांमुळे. सासर मात्र केजजवळच्या एका खेड्यात, जाड मातीच्या भिंतींचं, वर माळवद. माळवद म्हणजे लाकडावर पाला आणि माती चोपून केलेलं सपाट छप्पर. त्या घरात पहिल्या दिवशी मला आत नेलं आणि कुणीतरी म्हणालं, "सासूच्या पाया पड." समोर हिरवं लुगडं दिसल्यासारखं वाटलं. मी वाकले, कपाळ टेकलं. आशीर्वाद काही येईना. मी तशीच वाकलेली. शेवटी माझ्या पाठीमागून आवाज आला, "आगं पोरी, मी हितं हाय. ती कणगी हाय."

ज्वारीच्या कणगीवर कुणीतरी ओलं लुगडं वाळत टाकलं होतं. ही गोष्ट गावभर झाली. पुढे कितीतरी दिवस विहिरीवर बायका मला विचारायच्या, "काय गं चंद्रभागे, कणगी काय म्हणती? त्रास देती का?"

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणायचं आणि सासऱ्यांना मामंजी. आत्याबाई उंच, हाडापेरानं मोठ्या, आवाज शेताच्या बांधापर्यंत जाणारा. त्या अंधारावर त्यांचं राज्य होतं. उतरंडीत कोणतं मडकं कितवं, तिखट कुठल्या कोनाड्यात, तुरीची डाळ संपली की मुगाची सुरू कुठे होते, सगळं त्यांच्या बोटांना पाठ. मी मात्र ओव्याला जिरं समजायचे, चुलीतून लाकूड ओढायला जायचे आणि निखारा धरायचे. डोळ्यांतून धुरामुळे पाणी आणि बोटांवर फोड. एकदा धीर करून म्हणाले, "आत्याबाई, इथं जरा उजेड पायजे होता."

"कावून? जेवताना घास काय नाकात जातोय व्हय?"

दिवसा चिमणी लावावी म्हटलं तर मामंजी ओसरीवरून ओरडायचे, "दिवसा दिवा? दिवाळं काढायचंय का माझं?" घासलेट ते बोटानं मोजल्यासारखं द्यायचे. संध्याकाळी चिमणी लागायची ती पण ओसरीवर, कारण तिथे मामंजी बसायचे. आम्ही चुलीच्या जाळाकडे बघत स्वयंपाक करायचो.

हे स्वयंपाकघर पहिल्यापासून असं नव्हतं, हे मला हळूहळू कळलं. पूर्वी ते दुप्पट लांब होतं आणि त्याला चांगली मोठी खिडकी होती. मामंजी आणि त्यांचे धाकटे भाऊ एकत्र राहायचे तेव्हाची गोष्ट. आत्याबाईंचा माहेरून आलेला एक पितळी झारा होता, दांड्याला पीळ असलेला. एका दिवाळीत ऐन करंज्या तळायच्या वेळी तो सापडेना. आत्याबाईंनी धाकट्या जावेवर आळ घेतला. जावेनं तुळशीपुढे शपथ घेतली. आत्याबाई म्हणाल्या, तुळशीला काय, ती ऐकून घेती. त्यावरून बायका बोलायच्या थांबल्या, मग भाऊ थांबले, मग घराची वाटणी झाली. झाऱ्यापायी भिंत उभी राहिली! चूल आमच्या वाट्याला आली आणि खिडकी पलीकडे गेली. तेव्हापासून आत्याबाईंचं एक पालुपद असायचं. धूर डोळ्यांत गेला की भिंतीकडे हात करून त्या म्हणायच्या, "बसली आसंल तिकडं राणीवानी उजेडात, माझ्या झाऱ्यानं भजी तळत."

त्या राणीला, म्हणजे काकूंना, मी लांबूनच बघितलं होतं. बारीक अंगाची, चटचट चालणारी बाई. समोरून आली की आत्याबाई पदराचं टोक ओढून घ्यायच्या आणि मलाही ओढायला लावायच्या. मनातून मला त्या खिडकीचा फार हेवा वाटायचा.

लग्नानंतरच्या पहिल्या वैशाखात गिरदावरसाहेब पाहणीला गावात आले. जमिनीची दप्तरं त्यांच्या हातात, म्हणजे गावाचा जीव मुठीत. मामंजींच्या नदीकाठच्या एका मळईच्या तुकड्याची नोंद अडकली होती. त्यांनी साहेबांना जेवायला बोलावलं. पुरणपोळी, कटाची आमटी, वांग्याची भाजी. मामंजी स्वयंपाकघराच्या दारातून आत अंधारात बघत म्हणाले, "आज काई चुकलं तर बघा." आत्याबाई म्हणाल्या, "आज पोरीचा हात कशालाच लागू द्यायचा न्हाई. मी करते." मला त्यांनी फक्त जाळ घालायला बसवलं.

पण तो पापडांचाही हंगाम होता, आणि पापडखाराचं गाडगं कुणीतरी मिठाच्या गाडग्याशेजारी ठेवलं होतं. दोन्हीत पांढरं, दोन्ही खडबडीत. आत्याबाईंनी आमटीत चांगली मूठ घातली. मी ऐकलं, आमटी फुसफुसली. मला वाटलं जाळ जास्त झाला.

साहेब ओसरीवर पाटावर बसले. दाढी पांढरी, बोलणं अगदी अदबीचं. आमटीचा पहिला भुरका मारला आणि थांबले. सगळं घर थांबलं. मामंजींनी हात जोडून विचारलं, "कैसा है, साब?"

"अच्छा है," साहेब म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "अलग है." आणि सभ्य माणूस, त्यांनी वाटी संपवली. दुसरी मात्र घेतली नाही. पोटावर हात ठेवून ते लगबगीनं उठले, घोडं मागवलं, आणि मळईच्या नोंदीचं नावसुद्धा न काढता निघून गेले. मग मामंजींनी स्वतः आमटी चाखली. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण आवाज आला.

"कोणी केली ही? पोरीनं?"

मी चुलीपाशी गोठून बसले. मला वाटलं, आता माझं नाव येणार. सून कशासाठी असते! पण अंधारातून त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच बारीक.

"मी केली. मीठ वाटलं मला."

आमचे हे तेव्हा दारात उभे होते. बापापुढे कधी तोंड न उघडणारा माणूस, पण आईचा तसला आवाज ऐकून म्हणाले, "आबा, तिथं माणसाला माणूस दिसत न्हाई, मीठ कसं दिसल? मी उद्या चुलीच्या वर माळवदाला साणं पाडतो."

साणं म्हणजे माळवदाला ठेवलेलं भोक. उजेड आत यावा, धूर बाहेर जावा. गावात बऱ्याच घरांना होतं. मामंजींनी मात्र कधी पाडू दिलं नव्हतं. त्यांच्या मते साण्यातून पाणी येतं, मांजर येतं, चोर येतो आणि शेजाऱ्याची नजर येते. आता ते म्हणाले, "पाड. पण माझ्यादेखत."

देखत म्हणजे किती देखत, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे पहार घेऊन वर चढले आणि मामंजी खाली नेमके त्याच जागी येऊन उभे राहिले, मान वर करून, सूचना द्यायला. "डावीकडं घे. आरं डावीकडं! तुळईला लागू देऊ नको." वरून धप् धप् आवाज येत होता. मी म्हणाले, "आत्याबाई, मामंजींना सांगा, बाजूला व्हा." आत्याबाई म्हणाल्या, "मी सांगून ते कवा बाजूला झालेत?" तेवढ्यात माळवद फुटलं. पाटीभर माती, पाला, वाळवीनं खाल्लेल्या लाकडाच्या किलच्या, एक सरड्याचं कुटुंब, सगळं मामंजींच्या पटक्यावर आलं. आणि त्याच्या मागून ऊन.

मला अजून ते ऊन आठवतं. धुळीचा एक जाड खांब वरून खाली उभा राहिला, आणि त्या खांबात मामंजी डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, मिशांत पाला, तोंड उघडं. मातीची भुताटकी. हसू दाबून माझा जीव जायची वेळ आली. पण आत्याबाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या चहूकडे बघत होत्या. भिंती डांबरासारख्या काळ्या. आढ्याला जाळ्यांच्या दोऱ्या, हाताएवढ्या लांब. उतरंडीवर काजळीची साय. कोपऱ्यात उंदरांनी संसार थाटलेला.

"आगं बया," त्या म्हणाल्या. "हे कुणाचं घर म्हणायचं?"

मग त्यांची नजर माझ्यावर आली. लग्नाला वर्ष व्हायला आलं होतं, दिवसभर आम्ही एकमेकींच्या हाताला हात लावून काम करायचो, पण असं समोर, उजेडात त्यांनी मला बहुतेक पहिल्यांदाच बघितलं. माझा हात धरला, उलटा केला. बोटांवर जुने डाग, नवे फोड.

"हे कवा झालं?"

"रोजच होतं, आत्याबाई."

"मग बोलली का न्हाईस?"

त्यांनी हात सोडला, तुपाचं बुडकुलं शोधलं, आता शोधायला वेळ लागला नाही, आणि बोटांना तूप चोळत बसल्या. चोळता चोळता पुटपुटल्या, "केवढीशी हाय ही पोर. मला वाटलं थोराड हाय." मामंजी अजून उभेच होते. त्यांना कुणी काही चोळलं नाही.

त्या दिवसापासून आत्याबाईंच्या अंगात संचारलं. काजळी खरवडायची, भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायच्या, जमीन सारवायची. विळ्यानं भिंत खरवडताना काजळीचे पोपडे असे पडायचे की आम्ही दोघी कोळसे झालो. नेमके तेच दिवस कुरडयांचे. वर माळवदावर गावातल्या साऱ्या बायका चीक घालायला आलेल्या. आमचं आणि काकूंचं माळवद एकच, मध्ये फक्त गुडघाभर मातीची कड. म्हणजे काकू त्यांच्या बाजूला बसून कुरडया घालायच्या आणि कड ओलांडून साण्यातून आमच्या घरात बघायचं की नाही, हा त्यांच्या मनाचा प्रश्न होता. पहिले दोन दिवस त्यांचं मन घट्ट राहिलं. तिसऱ्या दिवशी उन्हाच्या खांबात एका डोक्याची सावली पडली.

मी वर बघितलं आणि खाली बघितलं. आत्याबाईंचं लक्ष नव्हतं. त्या चुलीमागची भिंत खरवडत होत्या. तिथे एक खुंटी होती, काजळीनं गाठोड्यासारखी फुगलेली. आत्याबाईंनी विळ्यानं तिला एक टोला मारला. गाठोडं फुटलं आणि आतून ठण्ण आवाज झाला.

काजळीच्या ढिगात एक काळी लांब वस्तू पडली. आत्याबाईंनी उचलली, पदरानं पुसली. पिवळं दिसलं. आणखी पुसली. दांड्याला पीळ.

झारा! इतकी वर्षं तो त्यांच्या नाकापासून हातभर अंतरावर, ठरलेल्या खुंटीला टांगलेला होता. कुणीतरी नीट जागेवर ठेवला होता, एवढाच त्याचा गुन्हा. खिडकी होती तेव्हाही चुलीमागे उजेड पोचत नसे, वरून काजळी चढत गेली आणि खुंटीच वाटायला लागली.

आत्याबाईंनी झारा झटकन पदराखाली घातला. दाराकडे बघितलं, कोणी नाही. माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. मग त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात आकाशवाणी झाली.

"आक्का, झारा लई काळा झालाय. चिंच लाव."

आत्याबाईंनी मान वर केली. साण्याच्या चौकटीत काकूंचं तोंड, चिकानं पांढरे झालेले हात, मागे निळं आभाळ. मला वाटलं आता भांडण होणार, आणि ते गावाला ऐकू जाणार, कारण एक पक्ष आधीच माळवदावर आहे. आत्याबाई म्हणाल्या, "कुठला झारा? हा दुसरा हाय."

"आसंल," काकू म्हणाल्या. "दांड्याला पीळ हाय का बघ."

"पीळ सगळ्याच झाऱ्यांला आसतो."

"मग बरं." काकूंचं डोकं काही हललं नाही. "मी आपली शपथ घेतलती ना, म्हून इचारलं."

आत्याबाईंचा चेहरा काजळीनं भरलेला. त्यावरून पाण्याची एक रेघ खाली आली, मग दुसरी. त्यांनी ती पुसली तशी सगळं तोंड आणखी काळं झालं. मोठ्यानं म्हणाल्या, "ह्या पोरीनं उजेड उजेड केलं, त्याचं हे झालं!" मग मला ओरडल्या, "बघती काय? जाळ कर. कढई ठेव."

चिंच लावून झारा घासला. तेल तापलं. आदल्या वर्षीच्या उरलेल्या कुरडया काढल्या आणि त्या झाऱ्यानं तळल्या. फुलून दुप्पट झाल्या. ताट साण्यातून वर जाईना, साणं लहान. आत्याबाई काठवटीवर चढल्या, झाऱ्यावर एक कुरडई ठेवली आणि झारा वर केला. वरून चिकाचा हात खाली आला.

"घे," आत्याबाई म्हणाल्या. बस. एवढीच माफी. वर कुरकुर आवाज झाला, मग काकू म्हणाल्या, "तेल जरा जुनं हाय, आक्का."

"तुज्या जिभेला हाड न्हाई, ते बी जुनंच हाय," आत्याबाई म्हणाल्या, आणि दुसरी कुरडई वर केली.

पुढचे दिवस साण्यातून नुसती ये-जा. दार दहा पावलांवर होतं, पण दारात पुरुष बसायचे आणि पुरुषांचं भांडण चालूच होतं. ते बायकांनी मिटवायचं, हे काही शोभलं नसतं. म्हणून सगळं वरून. आमची शेंगदाण्याची चटणी वर जायची, त्यांचं लोणचं खाली यायचं. काकू साण्याशी पालथ्या पडून मला शिकवायच्या, "चंद्रभागे, भाकरीला पाणी आत्ता लाव. आत्ता! गेली करपून." आई नसलेल्या गावात आभाळातून आई बोलायला लागली, असं मला वाटायचं. मामंजी जेवताना म्हणायचे, "औंदा लोणचं लई झकास झालंय." आत्याबाई म्हणायच्या, "उजेडानं होतं तसं."

मामंजींना स्वयंपाकघर एवढं आवडायला लागलं की ते ओसरी सोडून आतच जेवायला बसू लागले. तिथेच घोटाळा झाला. एका दुपारी ते पहिला घास घेतात न घेतात तोच वरून एक हात आला, हातात आमटीची वाटी. काकूंना काय ठाऊक खाली कोण बसलंय! बांगड्या ओळखीच्या. मामंजींचा घास तोंडाशी थांबला. आत्याबाई वाटी घेईनात, हात मागे जाईना.

मामंजींनी वाटीकडे बघितलं. वास फार चांगला होता. शेवटी त्यांनी स्वतःच उठून, काठवटीवर चढून वाटी घेतली, भुरका मारला, आणि धाकट्या भावजयीशी थोरल्या दिरानं बोलायचं नसतं म्हणून चुलीला उद्देशून म्हणाले, "तिखट जास्त झालंय म्हणावं."

वरून पुरुषी आवाज आला, "तिखट बरोबर हाय, दादा. तूच म्हातारा झालास."

धाकले मामंजी! बायको पालथी पडून कुठे वाटी सोडतेय, हे बघायला तेही माळवदावर आले होते. मामंजींची मिशी थरथरत होती, रागानं की कशानं, कळेना.

"खाली ये बे," ते एकदम गरजले. "ये, आन् माझ्यासमोर चाखून सांग!"

धाकले मामंजी आले. दारानं आले. उंबऱ्याशी जरा अडखळले, मग येऊन पाटावर बसले. आत्याबाईंनी ताट वाढलं. दोघे भाऊ जेवू लागले, एकमेकांकडे न बघता. निम्मी भाकरी झाल्यावर धाकले मामंजी वर बघत म्हणाले, "उजेड लई हाय तुज्याकडं."

"तुज्याकडं तर खिडकी हाय की."

"खिडकी हाय. पण खिडकीत तुजी कडब्याची गंज हाय ना, दादा."

मला तेव्हा कळलं. वाटणी झाल्या वर्षापासून मामंजी आपली कडब्याची गंज मुद्दाम त्या खिडकीला टेकवून रचत आले होते. म्हणजे भिंतीच्या पलीकडे काकूही अंधारातच भाकरी भाजत होत्या. मी जिचा हेवा केला ती राणी माझ्यासारखीच निखारे धरत होती. आत्याबाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की त्यांना भाकरी गिळवेना. त्यांनी पाणी प्यायलं, मिशी पुसली. "बैलांना तिथून चारा काढायला तसं लांबच पडतंय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ गंज हलवत होते आणि पेंढ्या कशा रचायच्या यावरून सबंध गावाला ऐकू जाईल असं भांडत होते.

ज्येष्ठात माझे दादा मला न्यायला आले. माहेरी आईनं छपराखाली मला जवळ बसवलं, हात हातात घेऊन बोटं बघितली, आणि हळूच, बापाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "सासू कशी हाय गं?"

मी छपराबाहेरच्या उन्हाकडे बघितलं.

"आंधारात न्हवतं कळलं," मी म्हणाले. "उजेडात बरी हाय."